नळीतून आत ओढायचं नाही

ता. ९ जून

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू फुरंगटून बसली असशील. बस. लहानपणापासून तुझं नाक त्याच कामासाठी आहे. इकडे सगळं ठीक. मुलगा नेहमीसारखा दौऱ्यावर, सूनबाई बरी आहे, आणि मी आहे तसाच. म्हणजे खोकतो, आणि खोकून झालं की भिंतीला टेकतो.

फोन का करत नाहीस, असं विचारतेस. फोनवर मला एक वाक्य धड पुरं करता येत नाही गं. अर्ध्यात दम लागतो, मग तू तिकडे घाबरतेस आणि तुझं ऐकून मी इकडे घाबरतो. कागदावर माझा दम टिकतो. तेव्हा पत्रच बरं.

मुख्य बातमी अशी की या वयात मला शाळेत घातलंय. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, ‘फुप्फुस पुनर्वसन वर्ग’. पुनर्वसन हा शब्द मी आजवर धरणाखाली गेलेल्या गावांपुरता ऐकला होता. म्हटलं, “डॉक्टरसाहेब, माझी फुप्फुसं कुठल्या धरणात बुडाली?” ते म्हणाले, “बुडालीच समजा, आजोबा. गेलेली जमीन काही परत मिळत नाही. उरलीय तेवढ्यात नीट घर बांधायचं.” माणूस बरा वाटला मला. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की वर्ग नीट पार पडला तर हिंडता-फिरता राहीन, तुझ्या घराचे जिनेसुद्धा चढेन. नाहीतर घरात ऑक्सिजनचं यंत्र आणि नाकात नळ्या, कायमच्या. मला तुझे जिने चढून यायचंय, चिमणे. तेवढं एक मनात धरून जातो.

वर्ग भरतो रुग्णालयाच्या मागच्या अंगाला. तिथे पूर्वी चादरी धुवायचे. फरशीला अजून पाणी वाहून जाण्यापुरता उतार आहे, आणि भिंतीवरून वाफेचे जाड पाइप तसेच गेलेत. त्यांच्याखाली आता सायकली मांडल्यात, ज्या कितीही दामटल्या तरी जागच्या हलत नाहीत. आम्ही मूठभर म्हातारे. शिकवणाऱ्या बाई माझ्या नातीच्या वयाच्या, पण दरारा असा की मी त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. माझ्या शेजारी एक बेकरीवाला बसतो. जन्मभर पीठ नाकात गेलं त्याच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, “मी पिठानं गेलो, तुम्ही वाळूनं. दोघं मिळून एखादी भिंत बांधू.”

पहिला धडा श्वास सोडण्याचा. “चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करा आणि हळूहळू सोडा.” मला हसूच आवरेना. काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर उभं राहून लोखंडी नळीतून काच फुंकली, आयुष्यभर दुसरं केलं काय? माझे ओठ आपोआप तसे झाले. मास्तरीणबाई म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही तर तयार होऊनच आलात.” कॉलर टाइट.

पुढच्या खेपेला मात्र पार फजिती झाली. त्यांनी प्रत्येकाला एकेक यंत्र दिलं. प्लॅस्टिकची तीन पारदर्शक नळकांडी, प्रत्येकात एक रंगीत चेंडू, आणि बाजूला तोंड लावायची नळी. मी नळीला तोंड लावलं आणि फुंकलं. चेंडू ढिम्म. आणखी जोर लावला. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळा वर्ग हसायला लागला. बाई म्हणाल्या, “अहो आजोबा, फुंकायचं नाही, ओढायचं! आत ओढलं की चेंडू वर जातात.”

आणि मला ते जमेना. खरंच जमेना. घसा आपोआप मिटायचा. तू इतकी वर्षं आमचे डबे घेऊन कारखान्यात यायचीस, तुला ठाऊक आहे. तोंड नळीला लागलं की श्वास फक्त बाहेर. आत ओढायचं नाही. ओढलं तर भट्टीची धग सरळ छातीत उतरते. हे झालं शहाण्यांचं कारण. आमचे म्हातारे मिस्त्री दुसरं सांगायचे. एकच नळी पाळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडी जाते. ओढशील तर आधी फुंकून गेलेल्याचा उरलासुरला श्वास तुझ्या पोटात जाईल, आणि मग तो माणूस आपला श्वास परत मागायला येईल.

शेवटी बाईंनी माझी पाठ चोळली, “फक्त एकदा,” म्हणाल्या, आणि मी डोळे मिटून ओढलं. तिन्ही चेंडू खाडकन वर जाऊन चिकटले. मी तोंड काढलं तरी ते क्षणभर वरच होते. बेकरीवाला म्हणाला, यंत्र बिघडलेलं असणार. असेल. यंत्र कोरं होतं, पिशवी माझ्यासमोर फोडली होती. पण तोंडात आलेली हवा गरम होती. तिला लोखंडाची चव होती, आणि लवंगेची.

असो. लवंग म्हटलं की आपल्या लवंग्याचीच आठवण यायची. तो नळीवरचा माझा जोडीदार आधी आणि तुझा नवरा नंतर. लग्नानंतर त्याला जावई म्हणून मान द्यायची पाळी आली, तेव्हा मी आणि तो भट्टीमागे हसून लोळलो होतो. त्याच्या माघारी तू कशी राहिलीस ते मी पाहिलंय, म्हणून फार उकरत नाही. त्यानं फुंकलेला शेवटचा गोळा अजून तुझ्या खिडकीत टांगलेला आहे ना? मासेमारीची जाळी तरंगावीत म्हणून त्यांना बांधायचा तो हिरवा, बंद गोळा. सहज विचारतोय.

भाचीला आशीर्वाद. जिन्यांवर पाणी सांडू देऊ नका.

तुझा
दादा


ता. ३० जून

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. या खेपेला मी लगेच लिहायला बसलोय, तेव्हा नाक खाली कर.

गोळा आहे हे कळलं. पण गेले काही दिवस तो सकाळी आतून धुकं धरतो, असं लिहिलंस. काच आतून धुकं धरत नाही. गोळ्याचं तोंड मी माझ्या हातानं गरम काचेचा थेंब लावून बंद केलं होतं, आत ओल शिरणार कुठून? बाहेरून असेल. फडक्यानं पूस. पुसूनही जात नाही, हेही तू लिहिलंयस आणि ते मी वाचलंय. तरी पूस.

माझी प्रगती विचारशील तर सगळे थक्क आहेत. व्हरांड्यातल्या चालण्याच्या परीक्षेत पूर्वी मी अर्ध्यात खुर्ची शोधायचो, आता टोकाला जाऊन परत येतो. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघतात, तोही चांगला येतो. मास्तरीणबाईंनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. बेकरीवाला जळतो. म्हणतो, “काय खाता हो?” मी म्हणतो, काही नाही, हवा.

तू पत्राच्या शेवटी एकच ओळ लिहिलीस. “दादा, ते आले होते का?” त्या ओळीला उत्तर न देता मी हवापाणी लिहून पाकीट चिकटवणार होतो. पण लहानपणी तुझ्याशी खोटं बोललो की माझे कान लाल व्हायचे, आणि आत्ता ते तापलेत.

हो. आला होता. येतो.

कारखान्यातली थाप तुला आठवते? मोठा गोळा एका माणसाच्या दमात होत नाही. फुंकणाऱ्याचा दम सरत आला की जोडीदार मागून खांद्यावर दोन थापा मारतो. थाप पडली की वाद नाही. नळी फिरती ठेवून त्याच्या हातात द्यायची, मागे सरायचं आणि पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभं राहायचं. गोळा तो पुरा करतो. लवंग्याचा शेवटचा गोळा तसाच झाला. त्यानं सुरू केला, अर्ध्यात त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मी थाप मारली. त्यानं मुकाट्यानं नळी दिली आणि पिंपाकडे गेला. भट्टीसमोर तो पुन्हा आलाच नाही, अंथरूणच धरलं. तुझ्या खिडकीत जे आहे त्यात आधी त्याचा श्वास आहे आणि वरून माझा.

तर मी सायकलवर होतो. दम संपत आला होता, डोळ्यांपुढे काजवे. आणि खांद्यावर दोन थापा पडल्या. मला वाटलं बाई. बाई समोर बेकरीवाल्याचे हात वर करून घेत होत्या. माझ्या मागे भिंत. पण इतक्या वर्षांची सवय, अंगानं विचारलंच नाही मला. थाप पडली आणि मी देऊन टाकलं.

मग मी हॉलच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो आणि समोर सायकलवर माझी पाठ दिसत होती. माझाच सदरा, मानेवरचा माझाच तीळ. पाठ झकास पायडल मारत होती. मला श्वास लागत नव्हता, कारण मी घेतच नव्हतो. पाठ शीळ वाजवत होती. मला शीळ येत नाही, तू लहानपणी मला त्यावरून चिडवायचीस. गोळा मनासारखा उतरला की शीळ कोण वाजवायचं, ते तुला मी सांगायला नको. थोड्या वेळानं पाठ वळली, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी पुन्हा सायकलवर होतो. घामानं चिंब, तोंडात लवंग.

आता दर वर्गाला होतं. सूनबाई परवा म्हणाली, “बाबा, तुम्ही बिनसाखरेचा चहा कधीपासून प्यायला लागलात?” मी कशाला पिईन? मला चार चमचे लागतात. पण कप रिकामा होता आणि मला प्यायल्याचं आठवत नव्हतं. सदऱ्याच्या खिशात लवंगा सापडतात. मी विकत घेतल्या नाहीत.

घाबरू नकोस. तो लवंग्या आहे, कुणी परका नाही. जन्मात त्यानं माझं काही ओरबाडलं नाही. दर वेळी परत देतो. हल्ली जरा उशिरा देतो, एवढंच.

वर्ग आता संपत आलाय. गोळा उन्हात ठेवून बघ.

तुझा
दादा


ता. १८ जुलै

चिमणे,

तुझं पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. चार पानं आहेत, आणि माझ्या खोकल्याची चौकशी अर्ध्या ओळीत.

तू येतेस. वर्गाच्या शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावतात, त्या दिवशी येऊन माझ्या शेजारी बसणार, गोळा सोबत आणणार. आणि लिहितेस, “थाप पडली की देशील ना दादा? थोडाच वेळ. मला फक्त त्यांचा आवाज ऐकायचाय. मग तू परत ये.”

मग तू परत ये! जसा काही मी कोपऱ्यावर दूध आणायला चाललोय.

मी रागावलोय तुझ्यावर. आधी ते लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं लिहिता येईल. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो आणि तुला वाटेल ते बोललो, मनातल्या मनात. मग खिडकीशी एकटी बसलेली तू डोळ्यांपुढे आलीस आणि राग ओसरला. पूर्ण नाही. तू विचारणारच. मी तुझ्या जागी असतो तर मीही विचारलं असतं, आणि चार पानांत नाही, एका तारेत.

पण जे झालं ते तुला कळायला हवं. गेल्या पत्रानंतरचा तो वर्ग. थाप पडली, मी दिलं, टाकीपाशी उभा राहिलो. व्यायाम संपला. पाठ उतरली, टॉवेलनं मान पुसली, बेकरीवाल्याच्या पाठीत धपाटा घातला आणि दाराकडे निघाली. मी वाट बघतोय, आता वळेल, मान हलवेल. वळली नाही. माझ्या चपला घालून निघून गेली. एकेक करून सगळे गेले. फरशी पुसणारी मावशी आली आणि माझ्या पायांतून फडकं मारत पुढे गेली. पाय बाजूला घ्यावेत असं मला वाटलं, पण बाजूला घ्यायला ते नव्हते. मग बाईंनी खिडक्या लावल्या आणि बाहेरून कुलूप घातलं. भर दुपारी, चिमणे. काचांतून ऊन येत होतं आणि उताराच्या फरशीवर माझी सावली पडत नव्हती.

मी हाका मारल्या असत्या, पण हाक मारायला श्वास लागतो.

किती वेळ गेला कळलं नाही. मग दुरून, शेजारच्या खोलीतून यावा तसा, कुणाचा तरी आवाज आला, “नाव सांगा, आजोबा.” पुन्हा, “अहो, नाव काय तुमचं?” लवंग्या अडला होता. माझं सांगावं की स्वतःचं, हे त्याला ठरवता येईना. मी असेल नसेल ते सगळं एकवटून माझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आणि मी बस स्थानकावर आरक्षणाच्या खिडकीशी उभा होतो. मागे रांग खोळंबली होती. हातात मोजून धरलेले पैसे, आणि खिडकीतला माणूस तुझ्या गावाचं तिकीट फाडायला थांबलेला.

तो तुझ्याकडे निघाला होता. हे मला कळलं आणि मी पैसे खिशात घालून रांगेतून बाहेर पडलो. तुझे जिने चढायचे म्हणून मी एवढी उठाठेव केली, आणि ते तो चढणार होता. माझ्या गुडघ्यांनी, शीळ वाजवत. तू दार उघडलं असतंस. माझं तोंड बघितलं असतंस, आवाज त्याचा ऐकला असतास, आणि तुला आनंद झाला असता. तेवढंच मला सोसत नाही. तू मला शोधलं असतंस का गं? शोधलं असतंस. पण चहा झाल्यावर.

परवाच्या वर्गात थाप पडली. मी दिलं नाही.

तुला सांगून कळणार नाही हे किती अवघड आहे. थाप पडल्यावर नळी न देणारा माणूस आमच्या भट्टीवर कधी झाला नाही. मी व्हरांड्यात चालत होतो, छाती भात्यासारखी वरखाली, ओठांचा चंबू केलेला, आणि खांद्यावर दोन थापा. मग आणखी दोन. त्यानं कधी चार मारल्या नव्हत्या. मी म्हटलं, “नाही, लवंग्या. हा गोळा माझा. वाकडा होऊ दे, फुटू दे, माझा मी फुंकणार.” मोठ्यानं म्हटलं असणार, कारण चालणारे थांबले. मी अर्ध्या वाटेत भिंत धरून बसलो. बोटाचा चिमटा किंचाळायला लागला. मास्तरीणबाई धावत आल्या. त्यांचा चेहरा पाहवेना, माझ्यावर एवढी भिस्त होती त्यांची. “आज काय झालं, आजोबा? इतके छान चालला होता.” मी म्हटलं, “बाई, आज मी चाललो.”

डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली. घरी यंत्र लागेल बहुतेक. लागू दे. फुसका का असेना, हा श्वास मी घेतला की माझ्याच छातीत दुखतं, आणि त्या दुखण्याचं मला फार बरं वाटलं.

लवंग्या गेला नाही. तो चिडलाही नाही. थापा थांबल्या आणि हात तसाच खांद्यावर राहिला. आत्ता लिहितानाही आहे. जड नाही, गार आहे, आणि त्याला घाई नाही. मी दमलो की तो जरा दाबतो. त्याला माहीत आहे की माझा दम फार काळ पुरणार नाही.

आता तुझ्या चार पानांना माझ्याकडचं एकच देणं. मास्तरीणबाईंनी मला सांगितलं, सायकलवर असताना तुम्ही मध्येच विचारता, “तिनं खिडकी लावली का?” ही कोण, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. तुमचं खिडकीवरून काय होतं ते तुम्हां दोघांचं. पण त्याला आठवण आहे एवढं तू जपून ठेव. आवाज मात्र मागू नकोस माझ्याकडे. तो द्यायला मला उठून जावं लागतं, आणि दर वेळी वाट लांबतेय.

गोळा फोडू नकोस. तुझ्या मनात तेही आलं असेल, मला सोडवायला. त्यात तोही आहे, मीही आहे, फोडलास तर कोण बाहेर पडेल ते मला ठाऊक नाही. सोबतही आणू नकोस. धुक्यासकट तिथेच राहू दे.

तू मात्र ये. माझं ऐक, खरंच ये. तुला बघून फार दिवस झाले, आणि आपल्या आईची शेवटची खूण म्हणजे तुझं ते नाक. पण मला भेटायला ये. घरी आलीस की दार लोटलेलं असेल, मी समोरच्या खुर्चीत पाठमोरा बसलेला असेन. लगेच आत येऊ नकोस. उंबऱ्याशी थांब आणि ‘दादा’ म्हणून हाक मार. मला ओ द्यायला वेळ लागेल, दम गोळा करावा लागतो, हल्ली जरा लांबूनही यावं लागतं. आली नाही ओ, तर पुन्हा मार. घसा बसेपर्यंत मारत राहा, पण ‘दादा’च म्हण.

पाठ वळली नाही, तुला धीर धरवला नाही, शीळ ऐकू आली आणि इतक्या वर्षांचं तोंडात आलेलं ओठांपर्यंत पोचलं, तरी चिमणे, तुझ्या पाया पडतो, ‘अहो’ म्हणू नकोस.

ओ येईल.

तुझा दादा,
हे लिहीपर्यंत तरी मीच